मिस्त्री दिला, उंच गडी घेतला

आमच्या आरामशीनच्या आवारात साठ फूट लांब आणि तीस फूट रुंद अशी एक मोकळी जागा होती. टेप लावून ती मीच मोजली होती, चुन्याच्या रेघा मीच मारल्या होत्या, आणि मधोमध जाळी बांधायला सागाचे दोन खांब पुरून घेतले होते. बाकी सगळ्या आवारात ओंडक्यांच्या थप्प्या. त्या वाढत वाढत मैदानाला तीन बाजूंनी येऊन भिडल्या होत्या. चौथ्या बाजूला आऱ्याचं छप्पर. चेंडू थप्पीत गेला की काढायला काठी लागे, आणि काठीआधी विंचू आहे का ते बघावं लागे.

ही गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या दशकातली. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. मूल गावाकडं जाणाऱ्या रस्त्याला, चांद्याबाहेर ही आरामशीन होती आणि मी तिथं मुन्शी होतो. लाकूड किती आलं, किती चिरलं, किती गेलं, हे लिहिणं माझं काम. याद्या करायची सवय मला तिथंच लागली की याद्यांची सवय होती म्हणून मला तिथं घेतलं, हे आता सांगता येणार नाही.

व्हॉलीबॉलचा संघही माझ्याकडेच होता. त्या काळी आमच्या भागात आरामशीन, धानाच्या मिली, कोळशाच्या खाणी, सगळ्यांचे संघ असत. खेळाचा म्हणून पगार कोणाला नव्हता. पण चांगला खेळणारा दिसला की त्याला कामावर घेत आणि खेळ सुटला की काम सुटे. त्यामुळे गडी इकडून तिकडे जात. रीत अशी होती की माणूस हवा असेल तर माणूस द्यायचा.

दिवाळीनंतर एका सकाळी शेठ मैदानात येऊन उभे राहिले. बोलता बोलता त्यांनी टाचेनं चुन्याची रेघ पुसली.

"मुन्शीजी, तीन साल झाले. तिन्ही साल पहिल्याच फेरीत घरी. या संक्रांतीले पहिली फेरी काढली तर मैदान राहीन. नाई काढली तर दुसऱ्या दिवशी इथं थप्पी लागन."

"शेठ, थप्पीले मागं जागा आहे."

"मागं गाडी फिरत नाई. इथं फिरते. तुम्हीच तं लिहून दिलं होतं."

दिलं होतं खरं. आवाराच्या पाहणीत मीच लिहिलं होतं, 'ही जागा थप्पीस उत्तम.' मैदान आखण्याच्या आधीची ती नोंद होती, पण शेठ नोंदी विसरत नसत.

ते मैदान म्हणजे काय होतं, हे बाहेरच्याला कळायचं नाही. चाळीसएक माणसं दिवसभर आऱ्याच्या आवाजात काम करत. बहुतेक जण जंगलातल्या गावांतून आलेले, घरदार मागं ठेवून झोपड्यांत राहणारे. पाचला आरा थांबला की कानात अर्धा तास शिट्टी वाजत राही, आणि ती जाईपर्यंत सगळे मैदानावर. खेळणारे बारा, बाकीचे थप्प्यांवर चढून बसलेले. आमचा चौक म्हणा, पार म्हणा, तेवढाच. माझंही तेच. मैदान गेलं असतं तर संध्याकाळी पाच ते सहा मी काय केलं असतं, हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं.

त्याच दिवशी मी वही काढली. बारा माणसं आणि सहा रकाने: उंची, उडी, मार, हात, वय, तब्येत. आठवडाभर रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसून भरत गेलो.

निकाल फारसा सुखाचा नव्हता. गाडी हाकणारे दोघे भाऊ जोरात मारत, पण मार नेहमी डाव्या हाताच्या थप्पीत जाई. तिघांचं वजन वाढलेलं. एकाला चेंडू आला की डोळे मिटायची खोड. अकरा नंबरला ओंडके लोटणारा एक बुटका, अबोल गडी होता. त्याच्यापुढं मी लिहिलं, 'हात मऊ. उंची नाही. उडी नाही. उपयोग: चेंडू आणणे.' हे वाक्य मी शाईनं लिहिलं होतं. त्याची मला पुढं लाज वाटली.

आणि मिस्त्री. आऱ्याच्या पात्यांना धार लावणारा आमचा मिस्त्री संघातला सगळ्यात जुना माणूस. चेंडू उचलून द्यायचं काम त्याचं. मागून आलेला चेंडू तो बोटांच्या टोकांवर घेई आणि जाळीशी असा उभा सोडी की मारणाऱ्यानं फक्त उडी मारायची. पण त्याचं वय पंचेचाळीस, आणि वयाच्या रकान्यात मी त्याच्यापुढं फुली मारली.

मूलच्या एका धानाच्या मिलीत एक उंच गडी होता. सहा फुटांवर दोन बोटं. पोती उचलायला होता, आणि मागच्या संक्रांतीला त्यानं एकट्यानं आमचा धुव्वा उडवला होता. त्या मिलीला पट्टे, पुल्या, हत्यारं सांभाळणारा माणूस हवा आहे असं माझ्या कानावर आलं. मी छोट्या आगगाडीनं मूलला गेलो. मिलीचे मुन्शी स्टेशनवरच भेटले. दोन पुडे भजी संपायच्या आत आमचं ठरलं: मिस्त्री त्यांना, उंच गडी आम्हाला.

परत आल्यावर मिस्त्रीला सांगितलं. तो पात्यावर कानस चालवत होता.

"मले कोणाच्या बदल्यात देऊन राह्यले, मुन्शीजी?"

"उंच गड्याच्या."

"एकच? मले वाटलं, दोन तरी येतीन."

तो हसला. कानशी फडक्यात गुंडाळल्या आणि दुसऱ्या दिवशी निघून गेला. वरून हसला, आत लागलं असणार, असं मला वाटलं. आरामशीनवरच्या लोकांनाही तसंच वाटलं. दोन दिवस मी दिसलो की कोणीतरी थप्पीवरून ओरडायचं, "मुन्शीजी, बैलबाजार कितीले भरते?" आणि दुसरा म्हणायचा, "दात पाहून घेजा गा, तोंड उघडून!"

तिसऱ्या दिवशी उंच गडी आला आणि टोमणे थांबले. उडी मारली की जाळीवर त्याचं कोपर यायचं. पहिल्या संध्याकाळी त्यानं एक चेंडू असा मारला की तो जमिनीवर आपटून छपरावर गेला. थप्प्यांवरची माणसं उभी राहिली. तरी खरं सांगायचं तर चारातले तीन त्याचे फुकट जात होते. मिस्त्रीच्या जागी मी थोरल्या गाडीवानाला उभं केलं होतं, आणि तो चेंडू कधी जाळीच्या पलीकडं, कधी माझ्या डोक्यावर उचलायचा. मी वहीत लिहिलं, 'सरावाने जमेल.'

सहाव्या दिवशी उंच गडी कामावर आला नाही. झोपडीत घोंगडं होतं, कुऱ्हाड नव्हती. मी सगळ्यांना विचारत सुटलो. शेवटी ओंडके लोटणारा म्हणाला, "सासऱ्याच्या घरी गेला असन. धान कापाले आलं न."

"सासरा? त्याचं लग्न झालं आहे?"

"नाई झालं. व्हाचं आहे. लमझना आहे न तो."

लमझना म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. आमच्या जंगलभागातल्या गोंड लोकांत ही रीत आहे. एखाद्या तरण्यानं मुलीच्या घरी राहून ठरलेली वर्षं शेतात राबायचं, मग लग्न लागतं. त्या वर्षांत तो त्या घराचा गडी. मधेच सोडून गेला की राबणं वाया आणि लग्नही मोडलं.

"तुले माहीत होतं?"

"हाव."

"मग सांगितलं काऊन नाई?"

"तुमी पुसलं कुठी? तुमी त्याची उंची पुसली."

हे तो चिडवायला म्हणाला नव्हता. त्यामुळं जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सायकल गाडीत टाकून मी मूलला उतरलो आणि तिथून पाच कोस आत, जंगलाच्या कडेच्या गावी गेलो. उंच गडी बांधीत, धानाच्या चौकोनी वावरात, वाकून धान कापत होता. मला बघून त्यानं मान आणखी खाली घातली. सासरा बांधावर बसून विळ्याला धार लावत होता. बारीक अंगाचा, पिकल्या केसांचा माणूस. त्यानं मला बसायला पेंढी दिली. घरातून मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो माझ्यापुढं ठेवला, आणि बांधीकडं न बघता बांधीतल्या माणसाला हसली. तेवढ्यावरून मला कळलं की तो गडी माझ्या मैदानासाठी हे घर सोडायचा नाही.

"जोहार," मी म्हटलं. "मी आरामशीनचा मुन्शी. मिलीच्या मुन्शीशी बोलून मी ह्याले आमच्याकडं घेतलं होतं."

"मिलीच्या मुन्शीले पुसलं. बरं केलं," सासरा म्हणाला. "मले पुसलं का?"

"तो मिलीत कामाले होता..."

"मिलीत तो मले पुसून गेलता. वावरात काम नसते तेव्हाचं. आता वावरात काम आहे."

मी सगळं सांगितलं. मैदान, थप्पी, शेठ, पहिली फेरी. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, "संक्रांतीपर्यंत द्या त्याले."

"माणूस देते का गा कोणी? मिस्त्री तिकडं देल्ला, हा इकडं घेतला. भांडे आहे का? हात देते माणूस. एका हाताले एक हात. तो तुमच्याकडं किती दिवस राहीन?"

"आजपासून संक्रांतीपर्यंत."

तो पेंढीतल्या काड्या काढून मांडत गेला. "तुमचे गडी किती?"

"बारा. एक हाच."

"अकरा राह्यले."

"अकरा."

"बारावे तुमी. तीन दिवस या. झालं."

मी मनात मोजलं. बारा जणांचे तीन दिवस म्हणजे छत्तीस. संक्रांतीला पस्तीस दिवस होते. एक दिवस त्यानं जास्तीचा घेतला होता. पाच कोस सायकल मारून आलेल्या माणसानं एका दिवसासाठी वाद घालू नये.

शेठनी हरकत घेतली नाही, कारण धानाच्या दिवसांत जंगलातून लाकडाच्या गाड्याच येत नसत. गाडीवान आपापल्या वावरात असत आणि आरा अर्धा वेळ थांबलेला असे. "जा," ते म्हणाले. "पण परत आल्यावर कंबर धरून बसू नका."

त्यांनी नेमकं माझंच भविष्य सांगितलं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मी एका बांधीचा कोपरा कापला, करंगळी कापली आणि कंबर धरून बसलो. सासऱ्यानं माझ्या हातातला विळा काढून घेतला आणि म्हणाला, "मुन्शीजी, तुमी मोजा." मग मी पेंढ्या मोजल्या. कोणी सांगितलं नव्हतं तरी लिहूनही ठेवल्या. आमच्यातले बाकीचे सगळे धानातच वाढलेले. आऱ्याजवळ तोंड न उघडणारी माणसं तिथं गाणी म्हणत होती, एकमेकांच्या बायकांवरून चेष्टा करत होती. डोळे मिटणारा गडी सगळ्यात जलद कापत होता, आणि डोळे उघडे ठेवून.

तिसऱ्या दिवशी पुंजणं रचायचं होतं. कापलेल्या धानाच्या पेंढ्या गोल रचून घराएवढा ढीग करतात, ते पुंजणं. वर रचायला अर्थातच उंच गडी. खालून पेंढ्या फेकायला चौघं. ढीग चढत गेला तशी फेकणाऱ्यांची दमछाक व्हायला लागली. कोणाची पेंढी वाटेतच सुटायची, कोणाची त्याच्या तोंडावर जायची. तो शिव्या देत होता आणि खालचे हसत होते. मग ओंडके लोटणारा पुढं आला. त्याची पेंढी बेताची वर जायची, क्षणभर थांबल्यासारखी व्हायची, आणि नेमकी त्या वेळी उंच गड्याचा हात तिथं असायचा. सलग वीस पेंढ्या गेल्या. मी मोजत होतो.

वरून उंच गडी ओरडला, "दुसऱ्यानं नका देऊ आता. यालेच देऊ द्या."

"काऊन गा? आमच्या हाताले काय काटे आहे?" धाकटा गाडीवान म्हणाला.

"हा देते तं पाहा लागत नाई."

माझी पेन्सिल थांबली. मी वही मागं उलटली. अकरा नंबर. 'हात मऊ.' आणि त्याच्यापुढं, शाईनं, 'उपयोग: चेंडू आणणे.'

त्याच दुपारी, पुंजण्याशेजारच्या खळ्यावर, दोन बैलगाड्यांच्या मधे दोर बांधून आम्ही खेळलो. लोटणाऱ्याला मी पुढं दोराशी उभं केलं. त्यानं चेंडू बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

"मले येत नाई, मुन्शीजी."

"पेंढी समज."

त्यानं पेंढी समजली. गावातली सगळी माणसं खळ्याभोवती जमली होती. सासरा एका बाजूला उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "एवढे मोठे लोक, आन् एका फुग्यासाठी." पण उठून गेला नाही.

संक्रांतीला चांद्याच्या परकोटाबाहेर सामने झाले. आमची पहिली फेरी एका कोळसा खाणीच्या संघाशी होती. खांदे बघूनच घाबरावं अशी माणसं. पहिला गेम आम्ही हरलो. गाडीवान भाऊ आपापसात भांडायला लागले. बाहेर शेठ खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्या शेजारी लाकडाच्या गाड्यांचा ठेकेदार, म्हणजे थप्पीचं बोलणं तयारच होतं. मी कडेला उभा राहून वही उघडली आणि मिटली. त्या क्षणी तिच्यात माझ्या उपयोगाचं काही नव्हतं.

तेवढ्यात बाहेर गेलेला चेंडू कोणीतरी आणून माझ्या हातात दिला. बघतो तो सासरा.

"तुमी इथी?"

"तुमचा एक हात माह्याकडं जास्त आला होता. छत्तीस झाले न. घरी गेल्यावर काड्या पुन्हा मांडल्या मी." त्यानं धोतर खोचलं. "म्हून आलो. चेंडू आणतो."

आणि उरलेले दोन्ही गेम तो खरंच चेंडू आणत राहिला. दुसरा गेम आम्ही काढला. तिसऱ्यात तेरा-तेरा झाले. लोटणाऱ्यानं मागून आलेला एक वेडावाकडा चेंडू गुडघ्यावर बसून उचलला, तो जाळीशी जाऊन थांबला, आणि उंच गडी त्याच्याकडं न बघताच हवेत होता. चौदा. मग एक चूक खाणीवाल्यांनी केली. पंधरा.

दुसऱ्या दिवशी दुसरी फेरी मूलच्या त्याच मिलीशी होती. त्यांच्यात आमचा मिस्त्री. गाडीवान भाऊ डावीकडंच मारतात, हे त्याला माहीत. कोण थकल्यावर कुठं उभा राहतो, कोणाला उन्हात चेंडू दिसत नाही, सगळं माहीत. माझ्या वहीत होतं त्याहून दुप्पट त्याच्या डोक्यात होतं. आम्ही सरळ दोन गेममध्ये हरलो.

शेठनी मला खूण करून जवळ बोलावलं. "तो आपलाच मिस्त्री आहे न?"

"होय."

"कोणी देल्ला त्यायले?"

"मी."

"फेरी तं काढली तुम्ही," शेठ म्हणाले. "थप्पी मागं लावा. आणि गाडी फिरत नाई तं फाटक रुंद करा. खर्चाचं मले विचारू नका, लाकूड आपल्याकडंच आहे."

मिस्त्री पाणी पीत बसला होता. मी जाऊन शेजारी बसलो. महिनाभर मनात होतं ते बोललो, की वयाच्या रकान्यात फुली मारली, ते चुकलं.

"फुली?" तो म्हणाला. "मारा न अजून एक. अवं मुन्शीजी, लेक मूललेच देल्ली आहे माही. सहा वर्ष झाले. तिच्या हातची भाकर दिवाळीशिवाय खाल्ली नवती. आता रोज दुपारी तिच्या दारात बसून खातो. तुमी पाठवलं नसतं तं मीच काहीतरी भांडण काढून गेलो असतो."

"मग तेव्हा बोललास का नाही?"

"तुमी खुशीत होते. कायले बोलू?"

उंच गडी हाताशी, मिस्त्री समोर, आणि लोटणारा तर आमचाच. हा सौदा कोणाला फायद्याचा पडला, यावर लोक आरामशीनवर वर्षभर वाद घालत होते. मी अनेक सौदे केले नंतर, काही बरे, काही फसलेले. पण आधी माणसाच्या घरी जाऊन आल्याशिवाय एकही नाही. वहीत उंचीच्या आधी एक रकाना वाढला: 'कोणाच्या घरचा.'

दुसऱ्या वैशाखात उंच गड्याचं राबणं पुरं झालं आणि लग्न लागलं. सासऱ्याचा निरोप आला की मांडव घालायला हात पाहिजेत. आम्ही बाराजण गेलो. मला त्यांनी खांब मोजायला बसवलं.

पण त्याआधीची, संक्रांतीनंतरची ती सकाळ मला जास्त आठवते. चांद्याहून परतल्यावर पहिलं काम म्हणून मी बादलीत चुना भिजवला आणि मैदानाच्या चारी रेघा नव्यानं मारल्या. शेठ आऱ्याकडं जायला त्या बाजूनंच आले. रेघ अजून ओली होती. ते थांबले, धोतर जरा वर धरलं, आणि अख्ख्या मैदानाला वळसा घालून गेले.